निळ्या कव्हरची कादंबरी

त्या वर्षी लालबाग-परळात जन्मलेले बरेच मुलगे शशांक आहेत. आता त्यांचेही केस पिकायला लागले असतील, मुलं कॉलेजात जात असतील, आणि आपलं नाव एका कादंबरीच्या नायकावरून ठेवलंय हे त्यांतल्या निम्म्यांना कुणी सांगितलंही नसेल. कादंबरीचं आणि लेखिकेचं नाव मी इथे लिहीत नाही. आम्ही तिला निळं पुस्तक म्हणायचो, कारण कव्हर निळं होतं आणि त्यावर एक बाई खिडकीत पाठमोरी बसलेली होती. तिचा चेहरा कुणालाच दिसत नसल्यामुळे प्रत्येकीला तो आपलाच वाटत असावा. रविवारच्या पुरवण्यांत त्या कादंबरीवर लेख यायचे, नळावर तिच्यावरून भांडणं व्हायची, आणि हिंदमाताच्या एका दुकानदाराने तर काचेवर पाटीच लावली होती, ‘कादंबरीतली साडी मिळेल’. नायिका मधुरा शेवटच्या प्रकरणात जी निळी साडी नेसते, ती म्हणे. दुकानदाराने पुस्तक वाचलं होतं की नाही देव जाणे, पण साड्या खपत होत्या.

आम्ही तेव्हा लालबागच्या एका चाळीत अगदी वरच्या मजल्यावर राहायचो. वर कौलं, आणि कौलांत एका जागी प्रकाशासाठी बसवलेली काच. त्या काचेखाली माळा होता, आणि माळ्यावर पापडांचे डबे, जुनी गोधडी आणि मी. सकाळी अकराच्या सुमारास काचेतून उन्हाचा एक चौकोन उतरायचा आणि दुपारभर डब्यांवरून, गोधडीवरून, माझ्या पायांवरून हळूहळू सरकत जायचा. खाली रस्त्यावर मसाल्याच्या डंकिणी सुरू असायच्या, त्यांचा धप् धप् आवाज घराच्या लाकडातून वर चढत यायचा आणि मिरच्यांचा खाट आला की सगळी चाळ एका सुरात शिंकायची. खाली स्वयंपाकघरात आई बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं टाकत असायची. त्या वासात, त्या ठेक्यावर, उन्हाच्या चौकोनात पाय टाकून मी निळं पुस्तक वाचलं. सतरा वर्षांची होते. वाचनालयातल्या देसाईबाईंकडे महिनोन्‌महिने नंबर लावून ते मिळालं होतं. चार दिवस मी चाळीत नव्हतेच, पुस्तकातल्या, गिरगावच्या समुद्रासमोरच्या हिरव्या झडपांच्या घरात होते. शशांक बोलायचा आणि माझा श्वास अडकायचा. तो ढगांबद्दल बोलायचा, तिच्या पावलांच्या आवाजाबद्दल बोलायचा, आणि एकही वाक्य तिचं नाव घेतल्याशिवाय संपवायचा नाही. ‘मधुरा, तू गप्प असतेस तेव्हा मला समुद्र ऐकू येतो.’ अशी वाक्यं मी गोधडीत तोंड खुपसून पुन्हा पुन्हा म्हणायचे.

आणि मग जेवायला खाली उतरायचे, तर समोर माझे बाबा.

बाबा कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामात काट्यावर होते. गाठी काट्यावर चढायच्या आणि बाबा वजन पुकारायचे. दिवसभर ओरडून त्यांचा आवाज तिथेच संपत असावा, कारण घरी ते जवळजवळ बोलतच नसत. संध्याकाळी येत तेव्हा भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापूस चिकटलेला असे. आई तो फुंकरीने उडवायची, आणि तो बराच वेळ खोलीत तरंगत राहायचा. मला त्या वयात त्यात काही दिसलं नाही. मला एवढंच दिसायचं, की बाबा आईला ‘गो’ म्हणतात, आई त्यांना काहीच म्हणत नाही, आणि दोघांमधलं सगळ्यात लांब संभाषण ‘मीठ?’ ‘बरा आसा’ एवढंच असतं. निळं पुस्तक वाचल्यापासून मला ते घर बघवेनासं झालं होतं.

माझं वाचून झाल्यावर परत देण्याआधी आईने ते मागून घेतलं. आई सातवीपर्यंत शिकलेली, वाचायची हौस होती, पण वेळ कुठला? भात उतरवता उतरवता एक पान, नळाला पाणी येईपर्यंत अर्धं, असं तिचं चाललं. मी डोळा ठेवून होते. ती कुठे रडते ते मला बघायचं होतं. ज्या पानावर शशांक आगगाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढतो, त्या पानावर तर दगडही रडला असता. आईने ते पान उलटलं आणि कोकमं भिजत घातली. ती एकदाही रडली नाही. पण काहीतरी झालं होतं. हातातलं काम थांबवून ती गॅलरीच्या कठड्याकडे बघत उभी राहायची. एकदा दूध उतू गेलं, आणि ती ते नुसतं बघत राहिली, जणू दुसऱ्या कुणाच्या घरातलं दूध होतं. मी मनात म्हटलं, आईसुद्धा शशांकच्या प्रेमात पडली. मला आनंदही झाला आणि बाबांची थोडी दयाही आली.

माझी नात हल्ली फोनवर असल्याच एका इंग्रजी कादंबरीने वेडी झाली आहे. रात्रंदिवस त्या कादंबरीवर मुली रडतानाचे व्हिडिओ बघते. मला म्हणाली, “आजी, तूपण वाच ना, तू रडशीलच.” मी दोन प्रकरणं वाचली. नायक फारच बोलतो. पण मी तिला काही म्हटलं नाही. गोधडीत तोंड खुपसायचे दिवस कुणाचे आपण का मोडायचे?

तर एका दुपारी मी कॉलेजातून आले आणि आमच्या दाराला कुलूप होतं. आमच्या चाळीत दिवसा दारं बंद नसत. बाई नळावर गेली तरी दार उघडं, बाजारात गेली तरी उघडं, शेजारीण बघायची. कुलूप लागायचं ते गणपतीला गावी जाताना. शेजारच्या शेवंतामावशीकडे किल्ली होती. “माका म्हणाली, चावी ठेव. खंय जाता ता सांगूक नाय,” मावशी म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. आत सगळं जागच्या जागी होतं. जेवण झाकलेलं, फडकं वाळत घातलेलं. पाटावर निळं पुस्तक, उघडं, उपडं.

बाबा आले तोवर गॅलरीत बायका जमल्या होत्या. कुणी म्हणालं केईएमला कुणा नातेवाइकाला बघायला गेली असेल, कुणी म्हणालं हिंदमाताला. एक जण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “बेबी, खरं सांग हां, दुपारचं कोण येत-जात होतं काय?” तिचा आवाज इतका मऊ होता की मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा मी तिच्यापासून बाजूला सरकले. शेवंतामावशीने ते पुस्तक हातात धरून सगळ्यांना दाखवलं, “ह्या बुकान घात केलान.”  बाबा चपला न काढता उंबरठ्यावर बसले. भुवईत कापूस तसाच होता. कुणीतरी पोलिसांत जायचं म्हणालं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “येतली.” पण त्यांचे हात गुडघ्यांवर नीट राहत नव्हते. उचलायचे, पुन्हा ठेवायचे. माझ्या बापाला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दिवेलागणीला आई आली. जिना चढून, सावकाश. साडीचा काठ ओला होता, चपलांत वाळू होती, आणि चेहरा असा, की आत्ताच झोपेतून उठली असावी. बायका बाजूला झाल्या. ती त्यांच्यामधून आत आली आणि बाबा तिच्यामागून. दार लोटलं गेलं.

“खंय गेल्लंस?” बाबांनी विचारलं.

“गिरगावाक. दर्यार.”

“कोणावांगडा?”

“एकटीच.”

“कित्याक?”

 खोटं बोलणं आईला जमत नसे. “ता पुस्तकातला घर बघूक. हिरव्या झडपांचा. लय शोधलंय. तसला घर थंयसर नाय. मगे वाळूत बसलंय.” आणि मग जणू काहीच झालं नव्हतं अशी चूल बघायला वळली. “जेवूक वाढतंय.”

 त्या रात्री जेवताना बाबांनी दोनदा आईकडे बघितलं आणि दोनदा ताटात.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बाबांनी निळं पुस्तक हातात घेतलं. ते फक्त वर्तमानपत्र वाचायचे, तेही भाव आणि मयताच्या बातम्या. गॅलरीत खुर्ची टाकून, पुस्तकाला बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळून ते वाचायला बसले. ओठ हलत होते. त्यांना घाई नव्हती. गोदामातही नेत असावेत, कारण पानांच्या बेचक्यात कापसाचे तंतू सापडायला लागले. मुदत संपली, देसाईबाईंचा निरोप आला, नंबर लावून बसलेल्या बायका जिन्यावर येऊन ओरडून गेल्या. मी पुस्तक परत द्यायला निघाले, तर बाबांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः वाचनालयात गेले. देसाईबाईंनी नंतर मला सांगितलं. काउंटरपाशी बायकांच्या रांगेत उभे राहिले म्हणे, आणि पाळी आल्यावर खाली बघत म्हणाले, “माझा अजून व्हायचा आसा. त्या पोराचा लगीन खंयपर्यंत इलाहा, ता बघूचा आसा.” सगळी रांग हसली. बाबा हसले नाहीत. त्यांना पुस्तक मिळालं.

वाचून होताहोता ते बदलायला लागले. एकदा जेवताना अचानक म्हणाले, “आज ढग बरे होते.” आईने भाताचा डाव हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “तुज्या बांगड्यांचो आवाज...” आणि पुढे काय ते न सुचल्यामुळे पाणी प्यायले. मला हसू येत होतं आणि आतून काहीतरी तुटतही होतं. रोज शेकडो गाठींची वजनं पुकारणाऱ्या त्या गळ्यात शशांकची वाक्यं अडकून बसत होती.

मग एका संध्याकाळी ते हिंदमाताहून कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. निळी साडी. ती कादंबरीतली. आईसमोर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आईने कागद सोडला, साडीवरून हात फिरवला. सुंदरच होती. भरतीच्या वेळच्या पाण्यासारखी.

बाबा भिंतीलाच म्हणाले, “मी वाचलंय सगळा. तुका तसो घोव होयो होतो, माका कळला.”

घोव म्हणजे नवरा, होयो म्हणजे हवा. मी माळ्यावर होते, शिडीशी, आणि ऐकत होते. माझ्या सतरा वर्षांच्या मनाला वाटलं, आता आई रडेल, आता ती सांगेल, आता या घरात काहीतरी घडेल.

आई हसली. खाली बसली आणि पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, “माका तो शशांक कित्याक? दिवसभर बडबडता. कामाक जाता काय नाय, देवाक म्हायत.”

“मगे?”

“माका तिची दुपार होयी.”

बाबा वळले.

“जेवान झाला की ती खिडकीत जाऊन बसता,” आई म्हणाली. आता ती हसत नव्हती. “काळोख होईपर्यंत बसता. भांडी कोण घासता, पाणी कोण भरता, पुस्तकात खंयच लिवूक नाय. एवढ्या मोठ्या पुस्तकात तिका एकदाय कोण म्हणूक नाय, गो, चाय ठेव. मी वाचीत होतंय आणि म्हणत होतंय, ह्या बायेक एवढी दुपार गावली खंयसून?” तिचा आवाज खाली गेला. “त्या दिवशी वाळूत बसलंय. कोणी हाक मारूक नाय. लगीन झाल्यापासून पयल्यांदा. मी दर्याकडेय बघूक नाय. नुसती बसलंय.”

खाली डंकिणी थांबल्या होत्या.  बाबांनी साडी घडी मोडू न देता उचलून फळीवर ठेवली. मग म्हणाले, “आयतवारी मी घरात आसतंय. तू जा.”

मला फार निराश वाटलं होतं, आज लिहायला हरकत नाही. मला वाटलं होतं, आईच्या आत एक मधुरा आहे, आणि आत निघाली एक दमलेली बाई, जिला जरा बसायचं होतं. एवढ्या सगळ्या प्रेमातून तिने तेवढंच उचललं याचा मला राग आला. तिला कादंबरी कळलीच नाही, असं मी माझ्या मैत्रिणीला सांगितलं. पुढे माझा संसार झाला, नोकरी झाली, दोन मुलं झाली, आणि कधीतरी भर दुपारी गॅसवर दूध ठेवून उभी असताना मला कळलं, की त्या वर्षी मुंबईत ते पुस्तक वाचलेल्या हजारो बायकांपैकी कितीजणी शशांकसाठी रडल्या आणि कितीजणी त्या खिडकीसाठी, हे कुणीच विचारलं नव्हतं. पण त्याच्या खूप आधी, का ते स्वतःलाही न कळता, मला बघायला आलेल्या मुलाला मी एकच प्रश्न केला होता, “रविवारी दुपारी तुम्ही काय करता?” तो गोंधळला आणि म्हणाला, “झोपतो.” मी होकार दिला. झोपणारा माणूस हाक मारत नाही.

तर रविवारी मासळीचं जेवण झालं की आई निघायला लागली. कधी दादरच्या चौपाटीला, कधी गिरगावला, कधी नुसती राणीच्या बागेतल्या बाकावर. एकटी. मला म्हणायची, “तू येऊ नको गो, तुका बघूक लागताला.” घरी बाबा सामायिक नळावर उकिडवे बसून भांडी घासायचे. सगळी चाळ बघायला यायची. त्यांना राख किती घ्यावी कळायचं नाही, पातेल्यांवर पांढरे पट्टे राहायचे, आणि आई सोमवारी ती पातेली गुपचूप पुन्हा घासायची. पोरं त्यांना शशांक म्हणून चिडवायची. बाबा मान वर करायचे नाहीत. एकदा डिलाईल रोडचे काका, बाबांचे थोरले भाऊ, नेमके त्याच वेळी आले. गॅलरीत उभे राहून मोठ्याने म्हणाले, “बायलेक मोकळी सोडलंस मरे!”

बाबांनी पातेलं पालथं घातलं, हात धुतले, आणि गोदामात वजन पुकारतात त्या आवाजात, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, “ती बांधलली होती काय?”

त्यानंतर चाळीत कुणी काही म्हटल्याचं मला आठवत नाही. उलट काही दिवसांनी शेवंतामावशी आईला विचारायला आली, दादरची बस कुठून मिळते.

निळी साडी आईने खूप दिवस नेसलीच नाही. मग एका रविवारी, पावसाळा सरून आकाश धुतल्यासारखं झालं होतं, तेव्हा तिने ती फळीवरून काढली. आरशासमोर पदर सारखा करत होती. बाबा चटईवर बसून तिच्याकडे बघत होते. भांडी तेव्हा घासून झाली होती, पट्टे न राहता. ते खाकरले, पुन्हा खाकरले, आणि त्यांनी विचारलं, “मी येव काय?”

आईने आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं.  मला वाटलं, नाही म्हणेल, आणि तिचा तो हक्कच होता. केसांत आकडा खोचत ती म्हणाली, “येवा. पण थंयसर गजाली नको.”

गप्पा मारायच्या नाहीत, एवढीच अट. बाबांनी मान हलवली. धुतलेला सदरा घातला, भुवयांवरून हात फिरवला. मी गॅलरीतून बघत राहिले. दोघं रस्त्याने निघाली, आई पुढे आणि बाबा दोन पावलं मागे, आणि मसाल्याच्या दुकानांच्या लाल धुळीत तो निळा रंग बराच लांबपर्यंत दिसत राहिला.

परत आली तेव्हा दिवे लागले होते. बाबांच्या चपलांतून खोलीभर वाळू सांडली. आई सरळ स्वयंपाकघरात गेली. मी बाबांना गाठलं, हळूच विचारलं, “काय झालं तिथे? काय केलंत?”

“काय करतलंव?” बाबा म्हणाले. “बसलंव.”

आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता. तो थांबला, आणि आई मला म्हणाली, “बरे बसतत ते.”

एखाद्याचं गाणं चांगलं आहे म्हणावं, तशी म्हणाली. बाबांनी मान खाली घातली, आणि माझ्या बापाचे कान लाल झालेले मी पाहिले.